चोवीस तास पाण्याचं शहर

शहरात शिरताना डाव्या हाताला एक मोठी निळी पाटी लागायची: 'चोवीस तास पाणी देणाऱ्या शहरात आपलं स्वागत आहे.' पाहुणे ती वाचून भारावून जायचे. शहरातली माणसं मात्र मान वर न करता, हातात रिकामे कॅन घेऊन तिच्याखालून जायची. पाणी एक दिवसाआड यायचं, टेकडीवर तर चौथ्या दिवशी, तेही नळाने दोनचार उचक्या दिल्यावर. पण पाटी खोटी आहे असं चारचौघांत कुणी म्हणत नसे. त्या पाटीपायी शहराला सरकारी बक्षीस मिळालं होतं, त्याच्या मागोमाग दरवर्षी थोडाफार निधी यायचा, आणि मुख्य म्हणजे पाटी भाऊजींनी लावलेली होती.

भाऊजी म्हणजे माजी नगराध्यक्ष. दोनदा अध्यक्ष झाले, तिसऱ्यांदा होता येत नाही असा कायदा आडवा आला, म्हणून त्यांनी थोरल्या भावाच्या बायकोला उभं केलं आणि स्वतः साधे सभासद होऊन सभागृहात पहिल्या बाकावर बसले. ही बाई घराच्या पुढच्या खोलीत वीस वर्षं शिवणाचं दुकान चालवत होती. घरात ती वहिनी, म्हणून प्रचारात वहिनी, आणि निवडून आल्यावर अख्ख्या शहराची वहिनी. भाऊजींचा बेत सरळ होता. खुर्चीत वहिनी, खुर्चीमागे आपण.

"तुम्हाला काही करायचं नाही, वहिनी," ते म्हणाले होते. "सही तेवढी सांगू तिथे करा."

आता मला सांगा, वीस वर्षं लोकांच्या मापात सूतभर चूक होऊ न देणाऱ्या बाईला असं सांगायचं असतं का?

खुर्चीत बसल्यावर वहिनीने पहिलं काम केलं ते पैसा जातो कुठे हे बघायचं. नदीकाठच्या पंपघराचं वीजबिल आणि वीज गेली की लावायच्या जनरेटरचं डिझेल, यांतच नगरपालिकेची निम्मी कमाई जिरत होती. पैसे नाहीत म्हणून पंप कमी चालवायचे. पंप कमी म्हणून पाणी कमी. पाणी कमी म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत, आणि ती भरत नाहीत म्हणून पैसे नाहीत. या गोलगोल फिरण्याला भाऊजी 'नियोजन' म्हणायचे.

लहान नगरपालिकांना डिझेल सोडून उन्हाच्या विजेवर यायला मदत करणारी एक संस्था होती. ती आराखडा करून द्यायची आणि कमी व्याजाचं कर्ज मिळवून द्यायची. वहिनीने तिथे स्वतःच फोन लावला, भाऊजींना न विचारता. महिन्याभरात संस्थेची सल्लागार येऊन थडकली. अंगाने काडी, पाठीवर भली मोठी पिशवी, आणि बोलण्याचा वेग असा की समोरच्याने श्वास कधी घ्यावा हा प्रश्न पडावा. इंजिनियर होती. चारपाच नगरपालिकांना तिने मार्गी लावलं होतं. कामाला वाघ होती पोरगी, पण परक्या गावची असल्यामुळे तिच्या हातून एक चूक झाली. तिने पाटीवर विश्वास ठेवला.

पाटीवर चोवीस तास, बक्षिसाच्या अर्जात चोवीस तास, सरकारदरबारी चोवीस तास. तिने पंप चोवीस तास चालतात असं धरून आराखडा केला. दिवसा उन्हावर, रात्रीसाठी बॅटऱ्या. बॅटऱ्यांनी खर्च असा फुगला की आकडा बघून वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बँकेची अट एकच आहे," सल्लागार म्हणाली. "आज जेवढं बिल भरता त्याच्या आत कर्जाचा हप्ता बसला पाहिजे. म्हणजे लोकांवर नवा बोजा नको. आणि इथे हप्ता बिलाच्या तिप्पट जातोय. वहिनी, मला एक कळत नाही. पंप दिवसरात्र चालतात, मग तुमचं बिल इतकं कमी कसं? मी तीन वेळा तपासलं. एक तर तुमचा मीटर बिघडलाय, नाहीतर तुमचे पंप जगात सगळ्यात कमी वीज खातात. तसं असेल तर मी त्यांच्यावर निबंध लिहिणार आहे."

वहिनीला हसू आवरेना. हसता हसता तिला लाजही वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला. ती उठली आणि म्हणाली, "चल, तुला तुझे पंप दाखवते."

भर दुपारी दोघी पंपघरात गेल्या. आत गारवा होता, तेलाचा वास होता, आणि आवाज कसलाच नव्हता. सल्लागार पोरीने एका पंपावर हात ठेवला. पंप थंडगार. पंपवाला स्टुलावर बसून पेपर वाचत होता. अध्यक्षबाईंना बघून तो धडपडून उठला.

"बंद का आहेत?" तिने विचारलं.

पंपवाल्याने वहिनीकडे पाहिलं. काय बोलायचं याची परवानगी हवी होती त्याला. वहिनी म्हणाली, "खरं सांग. आज मी सांगतेय."

"पहाटे तीन तास, संध्याकाळी तीन तास," तो म्हणाला. "बाकी वेळ बंदच असतात, मॅडम. कोणी मोठं माणूस येणार असलं की चालू करतो."

सल्लागार पंपघराच्या उंबऱ्यावर बसली. पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला आणि सगळे आकडे पुन्हा मांडले. मग तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"वहिनी, सहा तास असतील तर बॅटऱ्याच नकोत! ऊन आहे तोवर पंप चालवायचे, आठ तास तरी सहज मिळतील. टेकडीची टाकी दिवसा भरून ठेवायची, पाणी हवं तेव्हा सोडायचं. पॅनेल एवढ्याशा जागेत बसतात. हप्ता आजच्या बिलाच्या आत येतो, वर थोडे उरतात. सगळ्यांना रोज पाणी. टेकडीलासुद्धा."

"रोज?"

"रोज. चोवीस तास नाही. पण रोज."

वहिनीने मान फिरवली. टेकडीवरच्या बायका दुकानात कपडे टाकायला यायच्या तेव्हा कापडाआधी रिकामा हंडा पायरीवर ठेवायच्या आणि जाताना भरून मागायच्या. वीस वर्षं तिने ते भरून दिले होते, घरातल्या पिंपातून, सासूबाईंची नजर चुकवून. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पदराने सरळ पुसून टाकले.

"अडचण काय?" तिने विचारलं, कारण अडचण असणारच.

"बँकेला सभेचा ठराव हवा. पंप सहा तास चालतात, असा. आकडा तुमच्याकडून अधिकृतपणे आला पाहिजे. बँकेची मुदत महिनाअखेरपर्यंत."

म्हणजे नगरपालिकेने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की पाटी खोटी, अर्ज खोटा, बक्षीस खोटं.

भाऊजींना हे संध्याकाळपर्यंत कळलं. पंपवाल्याने सांगितलं असेल, नाहीतर भिंतीने. रात्रीच्या जेवणाला सगळं घर बसलं होतं. सासूबाई, वहिनीचा नवरा, भाऊजी. भाऊजींनी पहिला घास घेण्याआधीच विषय काढला.

"वहिनी, मोठाच प्रकल्प होऊ द्या. बँक नको म्हणते ना? नको तर नको. माझ्या ओळखीची कंपनी आहे. एक पैसा न घेता सगळं उभारून देते. आपण फक्त पंचवीस वर्षं त्यांची वीज घ्यायची."

"घ्यायची म्हणजे? जेवढी लागेल तेवढी?"

"चोवीस तासांची."

"आणि वापरतो सहा तासांची."

"ते कागदावर दिसत नाही."

"पण पैसे तर कागदावरून जाणार नाहीत, भाऊजी. लोकांच्या खिशातून जाणार. न वापरलेल्या विजेचे, पंचवीस वर्षं."

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. "मी या शहराला नाव मिळवून दिलं. तुम्ही ते चव्हाट्यावर धुणार?"

"धुवायला पाणी कुठंय?" वहिनी म्हणाली.

नवऱ्याला ठसका लागला. तो हसत होता की खरंच घास अडकला, हे कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी ताटावर बोटं आपटली. "घरातलं घरात राहू दे. तुला खुर्ची कुणी दिली हे विसरू नकोस."

"खुर्ची लोकांनी दिली, सासूबाई. उभं भाऊजींनी केलं."

"मग ऐका," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आवाज खाली आला की ते खरं बोलतात. "हा ठराव आणलात तर त्याच सभेत तुमच्यावर अविश्वास आणतो. आणि ती पुढची खोली माझ्या नावावर आहे. दुकान दुसरीकडे बघा."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. तो चष्म्याच्या काचा पुसत होता. भला माणूस, पण धाकट्या भावापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची, लहानपणापासून. खोलीत झोपायला गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला विचारू नकोस. मी नको म्हणेन आणि मग मलाच वाईट वाटेल."

वहिनीने त्याला विचारलं नाही. खोटं नाही सांगत, तिला भीती वाटत होती. खुर्ची गेली तर गेली, पण दुकान तिचं होतं, स्वतःच्या कष्टाचं. त्या खोलीत ती कुणाची सून नव्हती की कुणाची वहिनी नव्हती. बराच वेळ ती छताकडे बघत पडली होती. मग तिच्या मनात आलं की आपण घाबरून भाऊजींच्या कंपनीच्या कागदावर सही केली तर टेकडीवरच्या बायका उद्या पायरीवर हंडा ठेवतील आणि आपण तो भरून देऊ, पुन्हा नजर चुकवून, पुन्हा पंचवीस वर्षं. या विचाराने तिची भीती कुठच्या कुठे गेली आणि अंगात असा संताप चढला की ती उठून तांब्याभर पाणी प्यायली.

सभेला मागच्या बाकांवर बसायला जागा उरली नव्हती. वहिनीने सभेची दवंडी पिटली नव्हती एवढंच. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला तिने सांगितलं होतं, आणि बायकांना सांगितल्यावर दवंडीची गरज कुठे उरते? बँकेचा अधिकारी कोपऱ्यात बसला होता, चेहरा इस्त्री केल्यासारखा. सल्लागार त्याच्या शेजारी.

या सभागृहात हात वर करून मत द्यायची पद्धत नव्हती. ठरावाच्या बाजूने असेल त्याने उभं राहायचं, आणि कारकुनाने उभ्या माणसांची मोजणी करायची. पद्धत जुनी होती. त्यावर नवी पद्धत भाऊजींनी बसवली होती. ते पहिल्या बाकावरून उठले की मागचे पटापट उठायचे. ते बसून राहिले की सगळ्यांचे गुडघे एकदम धरायचे.

वहिनीने ठराव वाचला. पंप सहा तास चालतात, त्यावर बेतलेला आराखडा मंजूर करावा, कर्ज घ्यावं. वाक्य संपायच्या आत गलका झाला. शहराची बदनामी, विरोधकांच्या हाती कोलीत, निधी बंद होईल, कुणी कुणी काय काय ओरडलं. भाऊजी शांत बसले होते, मांडीवर मांडी टाकून. त्यांना काही बोलायची गरजच नव्हती.

"मतदानाला घ्या," ते म्हणाले.

"घेते," वहिनी म्हणाली. "त्याआधी नियमाप्रमाणे अध्यक्षाला प्रत्येक सभासदाला एक प्रश्न विचारता येतो. उत्तर इतिवृत्तात जातं. बरोबर ना?"

कारकुनाने घाबरत मान हलवली. नियम होता. कुणी कधी वापरला नव्हता, कारण आजवरच्या अध्यक्षांना विचारायचं काही नसायचं.

"माझा प्रश्न सगळ्यांना एकच आहे. तुमच्या घरी काल पाणी किती वेळ आलं?"

पहिला नंबर औषधांच्या दुकानदाराचा होता. त्याने भाऊजींकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. मागे त्याच्याच गल्लीतली माणसं बसली होती. चोवीस म्हणावं तर आज संध्याकाळी दुकानात बसायची सोय राहणार नव्हती.

"काल आमच्याकडे आलंच नाही," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. लिहायचंय."

"आलंच नाही!"

मागून हशा पिकला. दुसरा म्हणाला, तासभर. तिसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं, आणि त्याची बायको मागच्या बाकावरूनच ओरडली, "अर्धा तास! तोही मीच जागी होते म्हणून!" टेकडीवरून निवडून आलेला सभासद आतापर्यंत कधी तोंड उघडत नसे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "काल नाही, परवा नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. एवढं सगळं लिहा." कारकून लिहीत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

मग भाऊजींची पाळी आली.

"घरातलं पाणी वगैरे मी बघत नाही," भाऊजी म्हणाले. "ते बायकांना विचारा."

"विचारलं," वहिनी म्हणाली. "त्याच घरातली थोरली सून आहे मी. पिंपं मीच भरते. लिहून घ्या, कारकून. पाऊण तास. नगरपालिकेतल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या घरी पाऊण तास."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. वहिनीने मतदान पुकारलं. भाऊजी बसून राहिले. पण टेकडीचा सभासद उभाच होता, तो बसलाच नव्हता. मग औषधवाला उठला. मग ज्याची बायको ओरडली होती तो उठला, कारण त्याला रात्री घरी जायचं होतं. तेरापैकी सात उभे राहिले. ठराव मंजूर झाला. सल्लागार पोरगी तोंडावर हात दाबून बसली होती, शिट्टी वाजू नये म्हणून.

भाऊजींनी खिशातून कागद काढला. अविश्वासाचा ठराव, त्यांनी शब्द पाळला होता.

"स्वीकारला," वहिनी म्हणाली. "कायद्याने पंधरा दिवसांनी मतदान. तोपर्यंत सही माझीच चालते." आणि तिने बँकेच्या अधिकाऱ्याकडे हात केला. "आणा तुमचा करार."

अधिकारी पुढे आला. हळूच म्हणाला, "बाई, पंधरा दिवसांनी तुम्ही इथे नसाल, असं दिसतंय."

"मी नसेन. पाणी असेल," वहिनी म्हणाली, आणि तिने प्रत्येक पानावर सही केली. सांगितली होती तिथे नव्हे. तिला करायची होती तिथे.

पंधरा दिवसांनी ती पडली, दहा विरुद्ध तीन मतांनी. तिच्या ठरावाला उभे राहिलेल्यांपैकी बरेच जण तिला पाडायलाही उभे राहिले. त्यांना पाणी हवं होतं, वहिनी नको होती. त्याच दिवशी शिवणयंत्र खोलीतून व्हरांड्यात आलं. वहिनी घरी पोचली तेव्हा नवरा एक हातगाडी घेऊन उभा होता. त्याने कुणाला काही विचारलं नाही, धाकट्या भावाकडे पाहिलं नाही. यंत्र गाडीवर चढवलं, दोरीने आवळलं आणि टेकडीच्या चढाला लागला. टेकडीवर एका विधवा शिक्षिकेने वहिनीला पडवी दिली होती. अर्ध्या वाटेत धापा टाकत तो म्हणाला, "आता विचार मला." वहिनी म्हणाली, "आता ढकला." दोघंही ढकलत राहिले, आणि ती लाजेकाजेची पर्वा न करता रस्त्यात रडली आणि रडता रडता हसली.

नवे अध्यक्ष भाऊजींच्या मर्जीतले होते, तोलूनमापून निवडलेले. पहिल्याच सभेत त्यांनी विषय घेतला: इतिवृत्तात चुकून नोंदवलेला सहा तासांचा आकडा दुरुस्त करून चोवीस करावा. आकडा बदलला की बँक करार मोडणार, आणि कंपनीचा माणूस तर बाहेर गाडीत बसलेलाच होता.

वहिनी मागच्या बाकावर होती. आता ती कुणीच नव्हती, मतदार होती. तिच्या डाव्या उजव्या बाजूला टेकडी बसली होती, मागे बाजारपेठ, दारात उभी राहिलेली माणसं निराळी. अध्यक्षांनी घसा साफ केला तोच टेकडीचा सभासद म्हणाला, "माझी उपसूचना आहे. आकडा आहे तसाच राहावा. आधी त्यावर मत घ्या."

नियमाने घ्यावंच लागलं. "बाजूने असतील त्यांनी उभं राहावं," अध्यक्ष वैतागून म्हणाले.

सभासदांनी सवयीने पहिल्या बाकाकडे पाहिलं. भाऊजी मांडीवर मांडी टाकून बसले होते. तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उभी राहिली होती. तिने काही म्हटलं नाही, घोषणा दिली नाही, नुसती ताठ उभी राहिली. शेजारची बाई उठली. मग सगळी रांग उठली, मग तिच्यामागची. पाहता पाहता मागचं अख्खं सभागृह उभं होतं, आणि पुढचे सभासद मान वळवून वळवून आपापल्या गल्लीतले चेहरे ओळखत होते. एकेक करून तेही उठायला लागले.

कारकून बोटाने मोजत निघाला. पुढचे बाक झाले, तो मागच्या बाकांकडे वळला.

"अरे, प्रेक्षकांना काय मोजतोस?" अध्यक्ष ओरडले. "बसायला सांग त्यांना!"

"तुम्हीच सांगा, साहेब," कारकून म्हणाला. "मला उभी माणसं मोजायला ठेवलंय." आणि बोट न थांबवता तो वहिनीपर्यंत आला, तिला मोजलं, आणि पुढे गेला.